मेहनती मुलं दुकान का सोडतात?

या व्याख्यानमालेत मी आजवर बोललो ते बहुतेक वेळा माझ्या विषयावर, म्हणजे तत्त्वज्ञानावर. आजचा विषय मात्र मला पेणच्या दोन-तीन दुकानदार मित्रांनी दिला आहे. ते म्हणाले, "सर, कामसू पोरं मिळत नाहीत. मिळाली तर टिकत नाहीत. सहा महिने शिकवा आणि सातव्या महिन्यात तो पनवेलला. या पिढीला कामाची चाडच नाही. तुमचं तत्त्वज्ञान यावर काय म्हणतं?"

मी हसलो. म्हटलं, तत्त्वज्ञानाला जन्मात कधी नोकर ठेवता आला नाही, ते काय सांगणार! पण प्रश्न डोक्यात राहिला. मग मी काय केलं, तर गेला पावसाळाभर पेण आणि रोह्याच्या बाजारात ओळखीच्या दुकानांत जाऊन बसलो. कपड्याचं दुकान, हार्डवेअर, मोबाइल, पापड-पोह्यांची विक्री, गणपतीचा कारखाना. मालकांशी बोललो आणि मालक जेवायला घरी गेले की काउंटरवरच्या मुलामुलींशी बोललो. ही काही पाहणी नव्हे. आकडे विचाराल तर माझ्याकडे नाहीत. पण या दोन वेळच्या गप्पा एकमेकांशी जुळेनात, आणि ते न जुळणं हाच आजचा विषय आहे.

आधी परिस्थिती बघू. पेणच्या मुलापुढे आज पर्याय काय आहेत? डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. रोह्याच्या मुलापुढे धाटावची एमआयडीसी आहे, रसायनांचे कारखाने आहेत. दिवा-रोहा मेमू पकडली की पनवेल आणि पुढे सगळी मुंबई. कारखान्यातला कंत्राटदार किंवा पनवेलचा मॉल जे देतो, ते पेणच्या बाजारपेठेतला दुकानदार बहुधा देऊ शकत नाही. हे मान्य करू या. म्हणजे पैशाच्या शर्यतीत तुम्ही पहिल्या दिवसापासून मागे आहात. तरीही तुमच्या दुकानात पोरं येतातच. ती का येतात, हे कुणी विचारत नाही.

मी विचारलं. कुणाची आई आजारी आहे आणि बाप नाही. कुणाच्या घरी दोन एकर भात आहे. एखादी मुलगी बारावी झाली आहे, पण घरचे तिला पनवेलपर्यंत सोडायला तयार नाहीत. कुणी पोलीस भरतीची तयारी करतोय, सकाळी मैदानावर धावतो आणि दहाला शटर उघडतो. या सगळ्यांना गावाजवळ राहायचंय. म्हणजे जवळ असणं ही तुमची खरी मिळकत आहे. ती पनवेलच्या मॉलकडे नाही. आणि तीच आपण पहिली उधळतो.

कशी? लावणीचं उदाहरण घ्या. जुलै महिना. एका दुकानदाराची तक्रार अशी की त्याचा सगळ्यात चांगला मुलगा तीन दिवस न सांगता गायब झाला. पगार कापला, चार लोकांसमोर सुनावलं, महिन्याभरात मुलगा गेला. मुलाला मी नंतर भेटलो. तो तीन दिवस गुडघाभर चिखलात आईबरोबर भात लावत होता. सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "मागच्या वर्षी सांगितलं होतं, तेव्हा नाही म्हणाले." आता मला सांगा, पावसात कंबर मोडेपर्यंत लावणी करणाऱ्या मुलाला कामाची चाड नाही असं कोण म्हणेल? अहो, तुम्ही शोधत होतात तो गुण तिथे शेतात उभा होता. तुम्ही त्याला गैरहजेरी म्हणालात.

हीच गोष्ट गणपतीची, शिमग्याची आणि रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीची. कोकणातला मुलगा या दिवसांत घरी असणारच. नेमका तोच धंद्याचा हंगाम असतो हे मलाही कळतं. पण हे दिवस पंचांगात वर्षभर आधी छापलेले असतात, हो ना? मग जूनमध्येच सगळ्यांना बसवून कोण कधी जाणार ते ठरवता येतं. एका हार्डवेअरवाल्यानं हे केलंय. त्याच्याकडे भिंतीवर कॅलेंडर आहे आणि मुलंच आपसात सुट्ट्या वाटून घेतात. त्याचा जुन्यातला जुना मुलगा नऊ वर्षांचा आहे. म्हणजे नोकरीची नऊ वर्षं, वय नव्हे!

इथपर्यंत सगळं सोपं होतं. खरी अडचण पुढे आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षभर गणपती घडतात. शाडूचे आणि प्लास्टरचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, कोर्टकज्जे झाले, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली, मात्र त्या नैसर्गिक पाण्यात विसर्जित करण्यावर बंधन ठेवलं. या वादात मी आज पडत नाही. हजारो घरांची पोटं त्यावर आहेत. मी बोलतोय ते काउंटरबद्दल. मुंबईचं गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "ही शाडूचीच ना?"

एका विक्री केंद्रात, नाव सांगत नाही, एका मुलीला सांगून ठेवलं होतं की असं विचारलं तर हो म्हणायचं. मुलगी हुशार. मूर्ती नुसती उचलली तरी तिला कळतं, कारण शाडू जड असतो. तिनं दोन-चार वेळा हो म्हटलं. त्यातलं एक गिऱ्हाईक तिच्याच गावचं, ठाण्याला राहणारं. दीड दिवसानं त्यांनी घरी बादलीत विसर्जन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती होती तशी बादलीत बसलेली. फोन कुणाला आला? मालकाला नाही. मुलीच्या आईला आला. गावात कुणाला तोंड दाखवायचं, असं म्हणून आईनं तिला दुसऱ्या दिवसापासून पाठवलं नाही. मालक मला सांगत होते, "बघा सर, ऐन हंगामात दगा दिला."

आता माझ्या शास्त्राकडे वळतो. इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ, प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग गावचा. त्यानं १७८५ साली नीतिशास्त्रावर एक छोटं पुस्तक लिहिलं. जगातल्या सगळ्यात अवघड पुस्तकांपैकी ते एक आहे. मी तीस वर्षं शिकवलं आणि दर वर्षी कुठे ना कुठे अडखळलो. पण त्यात एक उदाहरण चक्क दुकानदाराचं आहे. कांट म्हणतो, एक दुकानदार अननुभवी गिऱ्हाइकाला फसवत नाही. त्याचा भाव सगळ्यांना एकच, एखादं लहान मूल आलं तरी मोठ्या माणसाइतक्याच भावात माल घेऊन जातं. छान. पण तो असं का वागतो? प्रामाणिक राहिल्यानं धंदा चालतो म्हणून? की प्रामाणिक राहणं हे आपलं कर्तव्य आहे म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कांटच्या मते नैतिक मोल फक्त दुसऱ्याला.

हे शिकवताना मी नेहमी दुकानदाराबद्दलच बोलायचो. या पावसाळ्यात पहिल्यांदा लक्षात आलं की त्या उदाहरणात एक माणूस गैरहजर आहे. दुकानातला नोकर. कांटचा दुकानदार प्रामाणिक राहायचं की नाही हे स्वतः ठरवू शकतो. काउंटरवरची एकोणीस वर्षांची मुलगी ठरवू शकत नाही. तिनं खरं सांगितलं तर मालकाशी बेइमानी, खोटं सांगितलं तर गिऱ्हाइकाशी. आणि पेण-रोह्यात गिऱ्हाईक म्हणजे कोण? मावशीची जाऊ, शाळेतले मास्तर, गावचा पोलीस पाटील. मुंबईत विक्रेता खोटं बोलून गर्दीत मिसळून जातो. इथे संध्याकाळी त्याच एसटीत त्याच गिऱ्हाइकाशेजारी बसायचं असतं.

म्हणून माझं आजचं म्हणणं असं आहे: ज्यांना कामाची चाड नाही म्हणून तुम्ही कपाळाला हात लावता, त्यांतली बरीचशी मुलं चाड आहे म्हणून जातात. आणि सगळ्यात आधी तीच जातात. अल्बर्ट हिर्शमन नावाचा एक अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला. त्यानं १९७० साली एका लहानशा पुस्तकात हे फार नेमकं मांडलंय. संस्था बिघडायला लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, एक तर सोडून जायचं, नाही तर आतून आवाज उठवायचा. अडचण अशी की दर्जाची ज्यांना सर्वांत जास्त काळजी, तेच बहुधा आधी सोडून जातात. म्हणजे आवाज उठवू शकले असते तेच निघून जातात. मागे उरतात ते ज्यांना काही वाटत नाही ते. मग मालक मागे उरलेल्यांकडे बघून म्हणतो, पिढीच अशी. अहो, चाळणीत जे उरलंय त्यावरून धान्याची पारख करताय तुम्ही!

याची एक जुनी आठवण सांगतो. मी रोह्याचा. १९६१ च्या सुमाराचं असेल, मी दहा-अकरा वर्षांचा. नवी मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं येत होती. लोकांच्या तोंडात शेर, कागदावर किलो. पक्का शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. किलोचा भाव घ्यायचा आणि शेराचं माप टाकायचं, की प्रत्येक वेळी ६७ ग्रॅम दुकानात राहतात. आमच्या आळीत एक दुकान होतं, तिथे असं चालायचं. त्या दुकानात एक पोरगा होता, फार तर सतराचा. आम्हा मुलांना, आणि डोंगरावरून मोळ्या घेऊन येणाऱ्या कातकरी बायकांना गूळ देताना तो वजन झालं की वर एक खडा टाकायचा. मला वाटायचं लाड करतोय. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो ते ६७ ग्रॅम भरून काढत होता. मालकाच्या लक्षात आलं आणि त्याला काढलं. तो समोरच्या दुकानात लागला. आमची आई तेव्हापासून गूळ समोरून आणायला लागली. कारण तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पुढे तो मुंबईला गिरणीत गेला म्हणतात. त्याचं नावसुद्धा मला आठवत नाही, याचं वाईट वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, सगळेच काही खोटं बोलायला लावत नाहीत. बरोबर आहे. पण खोटं बोलायला लावायला तोंडानं सांगावं लागत नाही. टार्गेट दिलं की पुरतं. मोबाइलच्या दुकानात एका मुलाला मूळ पगार अगदी थोडा आणि बाकी सगळं कमिशनवर. फोनबरोबर विमा विकला तर वेगळे पैसे. तो मला म्हणाला, "सर, म्हाताऱ्या माणसाला विमा काढलाय हे कळतसुद्धा नाही. बिलात घालतो." हे सांगताना तो हसत नव्हता. अमेरिकेत वेल्स फार्गो नावाच्या मोठ्या बँकेत हेच झालं. वरून खात्यांचं टार्गेट आलं. खालच्या कर्मचाऱ्यांनी गिऱ्हाइकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ साली प्रकरण बाहेर आलं, १८.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि सुमारे ५,३०० लोकांना आधीच्या काही वर्षांत काढून टाकलं होतं. हे सगळे काय जन्मतः अप्रामाणिक होते? माझा नाही विश्वास बसत.

कमिशन देऊच नका असं मी म्हणत नाही. विक्रीत कमिशन असतं. पण घर चालेल इतका पगार कायम असावा आणि कमिशन वरचं असावं. मुलाची फी कमिशनवर अवलंबून ठेवलीत, की त्याचं खरं बोलणं तुम्ही लिलावात काढलंत.

पगाराबद्दल बोलताना हेन्री फोर्डची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९१३ साली त्याच्या मोटारींच्या कारखान्यात सुमारे १४ हजार कामगार टिकवायला वर्षात ५२ हजारांहून जास्त माणसं भरावी लागली. आज घेतलेला उद्या गायब. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं रोजाची मजुरी जवळजवळ दुप्पट केली, पाच डॉलर, आणि दिवस आठ तासांचा केला. गळती एकदम आटली. हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात. ते पाच डॉलर सरसकट नव्हते. त्यासाठी फोर्डची माणसं कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, पैसे साठवतो का हे तपासायची. पगारही दिला आणि विश्वासही ठेवला नाही. आपल्याकडे हल्ली काउंटरच्या डोक्यावर कॅमेरा असतो आणि मालक घरी जेवता जेवता मोबाइलवर बघतो. चोरीसाठी ठेवा, जरूर ठेवा. पण "आत्ता बसली का होतीस?" असा फोन येतो, तेव्हा मुलगी पनवेलची जाहिरात शोधायला लागते.

बसण्यावरून आठवलं. केरळात कापडाच्या दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला. दिवसभर उभं राहायचं, भिंतीलाही टेकायचं नाही. २०१८ मध्ये केरळनं आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनं कायद्यात बदल करून दुकानात बसायची सोय सक्तीची केली. आपल्याकडचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा बघाल तर त्यातल्या बहुतेक तरतुदी छोट्या दुकानांना लागूच नाहीत. ठीक आहे. पण स्टूल ठेवायला सरकारची परवानगी कशाला लागते? स्टूल, जेवायला अर्धा तास, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी आणि ठरलेल्या तारखेला पगार. पगाराची तारीख सरकली की मुलाला उचल मागावी लागते. उचल मागितली की तो मिंधा. आणि मिंधा माणूस तुमच्याशी खरं बोलत नाही.

निवड कशी करायची, हेही विचारलं होतं. मुलाखतीत दहा मिनिटांत काही कळत नाही. तिथे गोड बोलणारा निवडला जातो, आणि गोड बोलणारा तुमच्याशीही गोडच बोलणार. मला विचाराल तर मी दोन गोष्टी बघेन. एक, त्यानं आजवर कंटाळवाणं काम सलग कधी केलंय का? कबड्डीच्या संघात तीन वर्षं रोज गेला, धाकट्या भावाला शाळेत सोडलं, दूध घातलं, काहीही चालेल. दुसरं, आठवडाभर पगारी कामावर घ्या, आणि पगारीच घ्या, फुकट राबवू नका. मग एखादा माल त्याला ठाऊक नसताना गिऱ्हाईक विचारतं तेव्हा तो काय करतो ते बघा. "मला माहीत नाही, विचारून सांगतो," असं म्हणणारा मुलगा सापडला तर त्याला सोडू नका.

आणि मग त्याला शिकवा. इथे मला विनोबांची आठवण होते. विनोबा तुमच्या पेण तालुक्यातले, गागोद्याचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. (आमचीही व्याख्यानं कुणीतरी बिचारं असंच उतरवून घेतं, त्याला नमस्कार.) त्यात विनोबा कर्माला विकर्माची जोड द्या म्हणतात. शब्द भारी आहे, अर्थ साधा. हातानं चाललेल्या कामात मनही ओतायचं. ते ओतलं की कामाचं ओझं वाटेनासं होतं. आता मन कशात ओततात? ज्यातलं कळतं त्यात. पोह्यांच्या दुकानातल्या मुलाला जाडे आणि पातळ पोहे कुठल्या भातापासून, कसे होतात हे एकदा भट्टीवर नेऊन दाखवा. पापडातलं मीठ-खार समजू द्या. ज्याला मालातलं कळतं त्याला खोटं बोलायची गरज कमी पडते. त्याला सांगायला खरंच पुष्कळ असतं.

बास. आता तुमचे प्रश्न घेतो.

*(श्रोत्यांतून एका दुकानदारांनी विचारलं: शिकवलं, पगार दिला, सगळं केलं, तरी दोन वर्षांनी तो आमच्याच समोर स्वतःचं दुकान टाकतो. मग?)*

टाकेल की. तुम्ही स्वतः कुठून आलात? ... नाही, सांगा ना. कुणाच्या तरी दुकानात होतातच ना आधी? ... आठ वर्षं? बघा. मग तुम्ही बाहेर पडलात तेव्हा शेठनी काय केलं? ... बोलणं टाकलं. आणि आज त्यांच्या दुकानात कोण बसतं? ... बंद आहे. हं.

मी काय म्हणतो, तो जाणारच असेल तर तसं तुम्हाला सहा महिने आधी सांगेल, इतपत संबंध ठेवा. त्याच्या जागी येणाऱ्याला तोच तयार करून जाईल. आणि समोर दुकान टाकायच्या ऐवजी नागोठण्याला टाक, माल मी देतो, असं तुम्ही त्याला म्हणू शकता. म्हणून बघा. मेमूनं मधे एकच स्टेशन आहे, कासू.